पिंपातला उंदीर दाखवायचा की नाही?

लहानपणी आपण सगळ्यांनीच अंकलिपी वाचली आहे. क कमळाचा, घ घराचा. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला चित्र. पहिलीतल्या पोराला अक्षरं शिकवायची याहून चांगली पद्धत मला तरी माहीत नाही. प्रॉब्लेम एवढाच आहे की आपल्याकडे जुन्या, नावाजलेल्या कवितांवर ज्या शॉर्ट फिल्म्स निघतात, त्यातल्या बऱ्याचशा याच पद्धतीने निघतात. कवितेत पाऊस आला की पडद्यावर पाऊस. कवितेत आई आली की नऊवारीतली बाई चुलीपुढे फुंकणी घेऊन. कवितेत एकटेपण आलं की मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेला एक दाढीवाला. आणि या सगळ्यावर एक घोगरा आवाज अख्खी कविता वाचून दाखवतोय, मागे बासरी. (बासरी कंपल्सरी आहे. बहुतेक सरकारी नियम असावा.)

मी याला अंकलिपी-पद्धत म्हणतो. आणि माझं म्हणणं असं आहे की कवितेवर फिल्म करायची असेल तर कवितेतल्या वस्तू दाखवून भागत नाही. दोन वस्तूंच्या मध्ये कवीने जे घडवलंय ते पडद्यावर घडावं लागतं. ते घडलं, तर मूळ वस्तू एकही दिसली नाही तरी चालेल.

वाक्य जरा जड झालं, मान्य. उलगडून सांगतो.

हा विषय आत्ताच डोक्यात येण्याचं कारण म्हणजे आम्ही चार मित्र मर्ढेकरांच्या त्या सुप्रसिद्ध उंदरांच्या कवितेवर सहा मिनिटांची फिल्म करायच्या तयारीत आहोत. चौघंही इंजिनिअर. कॅमेरा एकाच्या मेव्हण्याचा. एडिटिंग माझ्याकडे, कारण बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन फक्त माझ्याकडे आहे. (निवड कर्तृत्व बघून झालेली नाही, कॉन्फिगरेशन बघून झालेली आहे.) गेले तीन विकांत आम्ही एकाच प्रश्नावर अडकलोय. उंदीर दाखवायचा की नाही? माझा रूममेट म्हणतो, "अरे, कविताच उंदरांची आहे. उंदीर नाही दाखवलास तर काय दाखवशील, मांजर?"

प्रश्न बिनतोड आहे. पण उत्तर द्यायला मला शंभरएक वर्षं मागे जावं लागतंय.

१९०८ साल. सिनेमा अजून रांगत होता. कॅमेरा बहुतेक वेळा नाटकाच्या प्रेक्षकासारखा एका जागी ठेवलेला, आणि एक प्रसंग संपला की दुसरा. अमेरिकेतल्या बायोग्राफ कंपनीत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ नावाचा नवा दिग्दर्शक आला होता. त्याने टेनिसनची 'इनॉक आर्डेन' ही १८६४ ची दीर्घकविता घेतली आणि 'आफ्टर मेनी इयर्स' नावाची छोटी फिल्म केली. गोष्ट अशी, की एक दर्यावर्दी जहाज फुटून दूरच्या बेटावर अडकतो आणि बायको घरी वर्षानुवर्षं त्याची वाट बघते. ग्रिफिथने काय केलं, तर घरी वाट बघणारी बायको दाखवली आणि तिथूनच थेट बेटावरच्या नवऱ्यावर उडी मारली. मध्ये काही नाही. आज हे आपल्याला किरकोळ वाटतं, संध्याकाळी सातच्या मालिकेतसुद्धा असतं. पण तेव्हा कंपनीतली मंडळी चक्रावली. अशा उड्या मारल्या तर लोकांना कळणार कसं? ग्रिफिथची बायको लिंडा आर्व्हिडसन हिने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की त्यावर ग्रिफिथने डिकन्सचा दाखला दिला. डिकन्स असंच तर लिहितो!

आता बघा. बायकोच्या शॉटमध्ये एक बाई आहे. नवऱ्याच्या शॉटमध्ये एक माणूस आहे. दोघांमधली ओढ या दोन्ही शॉट्समध्ये नाही. ती मधल्या कटमध्ये आहे. समुद्र किती मोठा आहे हे दाखवायला ग्रिफिथला समुद्र दाखवावा लागला नाही. म्हणजे सिनेमा अगदी बाल्यावस्थेत असताना कवितेने आणि कादंबरीने त्याला उडी मारायला शिकवलं. आणि आज, हातात एवढी साधनं असताना, आपण कवितेकडे जातो ते चित्रांची यादी करायला.

पुढे १९२९ मध्ये आयझेनस्टाइनने एका निबंधात हीच गोष्ट जपानी लिपी आणि हायकूच्या आधाराने मांडली. डोळ्याचं चिन्ह आणि पाण्याचं चिन्ह शेजारी ठेवलं की अर्थ होतो 'रडणं'. डोळ्यात रडणं नाही, पाण्यातही नाही, शेजारी ठेवण्यात आहे. हायकूमध्येही तेच, आणि त्याच्या मते सिनेमाच्या संकलनातही तेच. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन मोड्यूल्स वेगवेगळी टेस्ट करून काही सापडत नाही, गंमत सगळी इंटरफेसवर असते.

तुम्ही म्हणाल, थिअरी ठीक आहे रे, पण कोणी करून दाखवलंय का? दाखवलंय. आणि असं दाखवलंय की बघून आपण एडिटिंग सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करावं.

१६८४ मध्ये बाशो आणि नागोयातल्या काही कवींनी मिळून 'फुयु नो हि' म्हणजे 'हिवाळ्याचे दिवस' ही साखळी-कविता रचली. साखळी-कवितेचा नियम भन्नाट आहे. एकाने कडवं रचायचं, दुसऱ्याने त्याला जोडून पुढचं. पण नवीन कडव्याने फक्त लगेचच्या आधीच्या कडव्याशी नातं ठेवायचं, त्याच्याही आधीच्यापासून मात्र वळून दूर जायचं. म्हणजे अंताक्षरीपेक्षा बरंच कठीण. अशी ३६ कडवी. २००३ मध्ये किहाचिरो कावामोतो या बाहुल्यांच्या ॲनिमेशनमधल्या दादा माणसाने या कवितेची फिल्म करायला घेतली आणि ती एकट्याने केली नाही. जगभरातल्या ३५ ॲनिमेटर्सना त्याने कडवी वाटून दिली. रशियाचे युरी नॉर्स्टाइन आणि अलेक्झांडर पेत्रोव, बेल्जियमचे राउल सर्वे, जपानचे इसाओ ताकाहाता (होय, 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'वाले) असे एकाहून एक लोक. कोणी बाहुल्या, कोणी काचेवर रंग, कोणी कागद, कोणी कॉम्प्युटर. दर थोड्या वेळाने फिल्मचा चेहरामोहराच बदलतो.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या दृष्टीने बघितलं तर हा आत्महत्येचा प्रकार आहे. ३५ डेव्हलपर्स, ३५ कोडिंग स्टाइल्स आणि कॉमन स्टायलिंग गाइड नाही! पण कवितेच्या दृष्टीने बघितलं तर याहून प्रामाणिक काही असूच शकत नाही. मूळ कविता अनेकांनी मिळून रचलेली आणि सतत वळणं घेणारी. फिल्मही तशीच. कावामोतोने कवितेतली दृश्यं तर घेतलीच, पण खरं म्हणजे तिचा नियम उचलला.

त्यातलं पहिलं कडवं नॉर्स्टाइनकडे होतं. त्यात बाशो हिवाळी वाऱ्यात फाटक्या वेशात फिरणाऱ्या स्वतःची तुलना चिकुसाई नावाच्या, गोष्टींमधून प्रसिद्ध असलेल्या एका अवलिया वैद्याशी करतो. बस, एवढंच. एक उपमा. अंकलिपीवाल्याने काय केलं असतं? वारा, पानगळ, पाठमोरा बाशो, बासरी. नॉर्स्टाइनने त्या दोघांची गाठच घालून दिली. बाशो आणि चिकुसाई पडद्यावर एकमेकांना भेटतात. कवितेत भेट नाही. पण 'मी त्याच्यासारखा आहे' या वाक्यातली जी जवळीक आहे, तिला पडद्यावर शरीर मिळालं. ओळीत नसलेली गोष्ट दाखवून तो ओळीच्या सगळ्यात जवळ गेला.

आणि या सगळ्यातली खरी मजा पुढेच आहे. हे शिकायला जपानला जायची गरज नव्हती. ज्यांच्या कवितेवरून आमची तीन विकांत भांडणं चाललीत, त्या मर्ढेकरांनीच हे मराठीत लिहून ठेवलंय. 'सौंदर्य आणि साहित्य' या त्यांच्या पुस्तकाला १९५६ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं होतं. पुस्तक सोपं नाही, मी स्वतः ते हप्त्याहप्त्याने वाचलंय. पण त्यांचं मुख्य म्हणणं मला जेवढं समजलं ते असं, की कलाकृतीचं सौंदर्य तिच्यातल्या सुट्ट्या घटकांत नसतं, त्या घटकांच्या आपसातल्या संबंधांत असतं. त्या संबंधांना ते लय म्हणतात आणि तिचे तीन प्रकार सांगतात: संवाद, विरोध आणि समतोल.

आता हा चष्मा लावून त्यांचीच उंदरांची कविता बघा. पिंपात बुडून मेलेले उंदीर. जगणं आणि मरणं, दोन्ही आपल्या मर्जीने होत नाही अशी ती भावना. चाळीसच्या दशकातली ही कविता आजही वाचताना अंगावर येते. ('काही कविता' या त्यांच्या १९४७ च्या संग्रहावर अश्लीलतेचा खटलाही भरला गेला होता. ते निर्दोष सुटले.) पण ती मोठ्याने म्हणून बघा. आठ-आठ मात्रांचा ठेका लागतो, अगदी बडबडगीतासारखा. लहान मुलाला मांडीवर घेऊन झुलवावं असा ताल आणि विषय मात्र मेलेल्या उंदरांचा! ही कविता त्या उंदरांमध्ये नाही, त्या तालामध्येही नाही. या दोघांच्या झोंबाझोंबीत आहे. मर्ढेकरांच्या शब्दांत, विरोधलय.

म्हणून, पिंप आणला, रबरी उंदीर आणले, लाइट निळा केला की कवितेचा अर्धा भागच पडद्यावर येतो. तोही सोपा अर्धा. प्रेक्षक 'ई!' म्हणतो आणि मोकळा होतो.

रूममेटचा दुसरा प्रस्ताव आणखी 'मॉडर्न' होता. उंदरांवरून कट करून विरारच्या लोकलमधली गर्दी दाखवायची. म्हणजे उंदीर म्हणजे सामान्य माणूस, कळलं का? हीसुद्धा अंकलिपीच आहे, फक्त गाइडमधली. 'या कवितेत उंदीर हे कशाचे प्रतीक आहे? (२ गुण)' या प्रश्नाचं सचित्र उत्तर. शब्दाचं चित्र काढण्याऐवजी शब्दार्थाचं चित्र काढलं, एवढाच फरक.

आता समोरच्या बाजूचंही ऐकू, कारण तिच्यातही दम आहे. रूममेटने मला 'नाइट मेल'ची लिंक टाकून गप्प करायचा प्रयत्न केला. १९३६ ची, ब्रिटिश पोस्टाच्या फिल्म युनिटची, रात्रीच्या टपालगाडीवरची साधारण चोवीस मिनिटांची फिल्म. हॅरी वॉट आणि बेसिल राइट हे दिग्दर्शक, बेंजामिन ब्रिटनचं संगीत आणि डब्ल्यू. एच. ऑडनची कविता. "यात कविता आगगाडीची आहे, पडद्यावर आगगाडी आहे आणि आवाज कविता वाचतोय. झाली की नाही तुझी अंकलिपी? आणि फिल्म तर जबरदस्त आहे!"

जबरदस्त आहेच. पण ती बनली कशी ते बघा. ऑडनने कविता आधी लिहून दिली आणि मग कोणी तिची चित्रं काढली, असं झालं नाही. ओळी फिल्मसाठी, संकलनाच्या मापाने लिहिल्या गेल्या, आणि ज्या चित्रात बसल्या नाहीत त्या सरळ गाळल्या गेल्या. शिवाय कविता येते ती अगदी शेवटच्या काही मिनिटांत. तोपर्यंत आपण टपालाची वर्गवारी, थैल्यांची अदलाबदल, इंजिन हे सगळं बघून बसलेलो असतो. आणि ती आली की गाडीचा वेग आणि ओळींचा वेग एकमेकांशी खेळायला लागतात. म्हणजे इथेही काम करतंय ते नातंच. संवादलय म्हणा हवं तर.

त्याआधी १९२१ मध्ये चार्ल्स शीलर आणि पॉल स्ट्रँड यांनी वॉल्ट व्हिटमनच्या ओळी घेऊन न्यूयॉर्कवर 'मॅनहाटा' ही दहाएक मिनिटांची फिल्म केली. मूकपट असल्यामुळे ओळी पाटीवर यायच्या आणि मग चित्र. दोन्ही एकाच वेळी अंगावर आदळायची सोयच नव्हती. त्यामुळे ओळ वाचून झाली की क्षणभर रिकामं होतं आणि मग शहर दिसतं. तेव्हाच्या तंत्राची ही मर्यादा खरं तर किती उपकारक होती! आज आवाज फुकट मिळतो म्हणून आपण तो पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ओततो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "तू म्हणतोस तसं केलं तर लोकांना मूळ कविता कळणारच नाही. आजची पोरं मर्ढेकर वाचत नाहीत. निदान फिल्मच्या निमित्ताने शब्द कानावर पडतील." हा आक्षेप मला आतून पटतो. आपल्या पिढीची कवितेशी ओळख दहावीच्या पुस्तकाबरोबर संपते, आणि नंतर कविता भेटते ती सकाळच्या शुभेच्छांमध्ये, गुलाबाच्या फोटोवर, बऱ्याचदा भलत्याच कवीच्या नावाने. पण शब्द पोचवायचे असतील तर त्यासाठी एक झकास माध्यम आहेच: नीट म्हटलेली कविता. पु. ल. आणि सुनीताबाईंनी बोरकरांच्या, मर्ढेकरांच्या कवितांचं जाहीर वाचन केलं. स्टेजवर दोन माणसं आणि कविता, आणि समोरचं थिएटर चिडीचूप. तिथे मागच्या पडद्यावर समुद्राचं चित्र लावावं असं कोणाला सुचलं नाही, यातच सगळं आलं. वाचन करायचं तर वाचन करा. सिनेमा करायचा तर सिनेमा करा. दोन्ही अर्धं अर्धं केलं की बघणारा नीट ऐकत नाही आणि ऐकणारा नीट बघत नाही.

आणि निष्ठा म्हणजे शब्दाला शब्द, हेही खरं नाही. प्रभातचा 'संत तुकाराम' घ्या. शॉर्ट फिल्म नाही, पूर्ण लांबीचा सिनेमा आहे, पण मुद्दा तोच. दामले-फत्तेलालांच्या या १९३६ च्या चित्रपटाइतकं तुकोबांच्या कवितेच्या जवळ जाणारं काम पडद्यावर क्वचितच झालं असेल. आणि त्यातलं एक गाजलेलं गाणं मुळात तुकोबांचं नाहीच! ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं. पुढे कित्येक जण ते तुकोबांचा अभंग समजूनच म्हणत राहिले. आठवल्यांनी शब्द उचलले नाहीत, तुकोबांचा विचार करण्याचा ढंग उचलला. कावामोतोने उचलला तसाच.

आता बालकवींचा 'औदुंबर'. मराठीतली ही आठ ओळींची कविता म्हणजे तयार शॉट डिव्हिजन आहे असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. झऱ्यापासून कॅमेरा निघतो, गाव, शेतं, वाट असं करत करत डोहापाशी येतो. ड्रोनवाल्यांसाठी पर्वणी! पण शेवटी जे झाड भेटतं ते झाड राहत नाही. कोणीतरी बसलेलं असतं तिथे. सगळी कविता चालत चालत येते आणि तिथे एकदम थांबते. या कवितेचा जीव त्या थांबण्यात आहे. फिल्म करणाऱ्याची परीक्षा ड्रोन उडवण्यात नाही, शेवटचा शॉट चाळीस सेकंद न हलवता धरून ठेवण्यात आहे, बासरीशिवाय, फ्लॅशबॅकशिवाय, आणि मुख्य म्हणजे झाडाखाली प्रतीकात्मक म्हातारा न बसवता. आजच्या काळात चाळीस सेकंद म्हणजे एक युग आहे. बघणाऱ्याचा अंगठा शिवशिवायला लागणार. लागू दे की. ती अस्वस्थता हाच कवितेचा अनुभव आहे.

तुम्हाला वाटेल, एवढा काय जिवावर आल्यासारखा बोलतोय हा? एक वाईट फिल्म निघाली तर निघाली. पण चित्र एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. कादंबरीवरचा सिनेमा बघितल्यावर नायकाचा चेहरा कायमचा त्या नटाचा होतो, तसंच. प्रत्येकाच्या मनात आपापला औदुंबर असतो. तो एकाच फोर-के झाडाने पुसून टाकण्याइतकं त्या झाडात काही असायला हवं.

आणि आता तर कविता पेस्ट केली की व्हिडिओ बनवून देणारी साधनं आली आहेत. आम्ही गंमत म्हणून एक कविता टाकून बघितली. ओळीओळीला चित्र. पाऊस म्हटलं की पाऊस, डोळे म्हटलं की डोळे, प्रकाश तर असा की सिनेमॅटोग्राफरने लाजावं. याच धंद्यात असल्यामुळे मला त्या तंत्राचं कौतुकच आहे. पण ते बघून एक गोष्ट लख्ख दिसली. अंकलिपी-पद्धतीचं काम आता मशीन करतं, दोन मिनिटांत करतं आणि आपल्यापेक्षा बरं करतं. मग आपल्याकडे राहिलं काय? कोणत्या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि काय दाखवायचं नाही, हे ठरवणं. त्यासाठी ती कविता कधीतरी आपल्या आयुष्यात घुसलेली असावी लागते.

आमच्यातल्या चौथ्याची गोष्ट म्हणूनच सांगतो. तो एरवी या वादात फारसा बोलत नाही. गेल्या वर्षी त्याच्या ऑफिसमध्ये महिन्याचे सगळे वाढदिवस एकत्र साजरे केले, केक कापला, टाळ्या झाल्या. त्याच दुपारी एकेकाला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावणं आलं. संध्याकाळपर्यंत ह्याच्यासकट बऱ्याच जणांचे लॅपटॉप आणि गळ्यातली आयडी कार्डं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात जमा. खोकं केकच्याच टेबलावर ठेवलं होतं. पुढे चार महिने तो घरी होता. या कवितेवर फिल्म करू या, हे मुळात त्यानेच सुचवलं होतं. परवा तो एवढंच म्हणाला, "उंदीर दाखवलेत तर लोक नाक मुरडून बाजूला होतील. मला त्यांना किळस आणायची नाहीये. त्या दिवशी टाळ्या आम्हीच वाजवत होतो, हे दाखवायचंय."

मला वाटतं मर्ढेकर त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त समजलेत.

तर माझा प्रस्ताव असा आहे. फिल्ममध्ये उंदीर नाही, पिंप नाही, व्हॉइसओव्हर नाही. केक, टाळ्या, मीटिंग रूमचं दार, खोकं. टाळ्यांचा ठेका आठ मात्रांचा, पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत तोच, दार उघडताना आणि मिटतानाही. वेग बदलायचा नाही. शेवटी पाटीवर कवितेचा आणि मर्ढेकरांचा उल्लेख. ज्याला कविता माहीत आहे त्याला तो ठेका ओळखीचा वाटेल. ज्याला माहीत नाही तो कदाचित घरी जाऊन शोधेल. शोधली नाही तरी सहा मिनिटं तो त्या झोंबाझोंबीत राहून गेलेला असेल.

रूममेट अजून पूर्ण पटलेला नाही. "निदान एक तरी उंदीर ठेव रे, कोपऱ्यात," अशी तडजोड सुरू आहे. :)

तुमच्यापैकी कोणाला असं काही करायचं असेल तर एक व्यवहारातली गोष्ट. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो, ती मुदत पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. त्यामुळे केशवसुत (मृत्यू १९०५), बालकवी (१९१८), गोविंदाग्रज (१९१९) कधीच मोकळे झालेत, आणि १९५६ मध्ये गेलेले मर्ढेकर २०१७ पासून. कुसुमाग्रज, विंदा, सुरेश भट, कोलटकर, ग्रेस यांच्यासाठी रीतसर परवानगी घ्या. 'श्रद्धांजली म्हणून केलंय' हे कारण चालत नाही.

आणि फिल्म कापून झाली की दोन टेस्ट केसेस चालवा. पहिली: आवाज बंद करून बघा. दुसरी: डोळे मिटून ऐका. दोन्ही वेळा तीच कविता, तशीच्या तशी मिळत असेल तर दोघांपैकी एक जण नुसता पगार खातोय. दोन्ही वेळा काहीतरी अर्धवट, अडकल्यासारखं वाटलं आणि एकत्र लावल्यावरच जीव आला, तर समजा काहीतरी जमलंय.

जमतं, हे आपल्याकडेही दिसलंय. नागराज मंजुळेंची 'पावसाचा निबंध' ही २०१७ ची शॉर्ट फिल्म बघा. मंजुळे स्वतः कवी. या फिल्मसाठी त्यांना दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ती कुठल्या एका कवितेवर नाही. शाळेतल्या मुलाला पावसावर निबंध लिहून आणायला सांगितलाय आणि घरी तो पाऊस छपरातून आत येतोय. पण मराठीत पावसावर जेवढं गोड गोड लिहिलं गेलंय, त्या सगळ्याच्या शेजारी ती फिल्म नेऊन ठेवा. पाऊस तोच आहे. फक्त शेजार बदललाय.

असो. या शनिवारी पुन्हा बैठक आहे. केकची ऑर्डर दिली आहे. उंदराची अजून दिलेली नाही.